पंगतीतली कैरी

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्याशी भांडायला हरकत नसावी. निमित्त असं झालं, की परवा इकडच्या विद्यापीठात मला बोलायला बोलावलं होतं. तुमच्या वेळी विद्यापीठ म्हणजे नागपूर, आणि आपलं चांद्याचं कॉलेज म्हणजे त्याचं शेवटचं टोक. आता विद्यापीठच जंगलाच्या तोंडाशी येऊन बसलंय. तऱ्हेतऱ्हेच्या घरांतून पोरं येतात, त्यांना विद्यापीठानं कसं सामावून घ्यावं, आजूबाजूच्या गावांना त्याचा काय उपयोग व्हावा, अशा विषयावर माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना बोलतं करतात. मी अर्थातच तुमच्याबद्दल बोललो. तुमची पंगत सांगितली, टाळ्या घेतल्या. मग मागच्या रांगेतून एक मुलगी उठली, सूरजागडच्या डोंगराखालच्या गावातली. म्हणाली, "सर, होस्टेलच्या मेसमधी चैत लागला का कैरी देतेत. आमच्या गावात नव्या आंब्याचा पंडुम झाला नाई राहत. मंग आमी काय करावं?" मी घसा खाकरला, प्रश्न फार चांगला आहे म्हणालो, आणि खाली बसलो. शेजारच्या पाहुण्यांना वाटलं मला खोकला झालाय. त्यांनी पाणी दिलं.

तुम्ही पुण्याकडून आलेले. इतिहास शिकवायचे, आणि बोर्डिंगही तुमच्याच गळ्यात पडलं होतं. खरं तर ते तुम्ही हौसेनं गळ्यात घेतलं होतं. त्या बोर्डिंगात सिरोंच्याकडचे तेलुगू बोलणारे होते, वरोऱ्याचे कापूसवाले कुणबी होते, शहरातल्या वकिलांचे भाचे होते, धानोऱ्याच्या जंगलातला मी एकटा गोंड होतो, आणि माझ्या खोलीत ब्रह्मपुरीकडचा तो होता, ज्याच्या घरच्यांनी नुकताच बुद्धाचा धर्म घेतला होता. तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्यांना एका पंगतीत बसवलंत आणि स्वतः मधोमध, त्याच्या शेजारी मांडी घातलीत. सगळ्यांना एकच अन्न, कुणाला वेगळं ताट नाही, वेगळी जागा नाही. ज्याला चालत नाही त्याला चांद्यात खानावळी पुष्कळ आहेत. एवढंच बोललात आणि वरणभात कालवायला लागलात. खोलीवर आल्यावर तो मला म्हणाला, "मायच्यान सांगतो गड्या, शाळेत मी दाराच्या भाईर बसून जेवत होतो. आज सरच्या मांडीले मांडी लावून बसलो." त्यानंतर तो बराच वेळ नुसता भिंतीकडे बघत हसत होता. तुम्ही रविवारी आम्हाला खाणीतल्या मजुरांच्या वस्तीवर अक्षरं शिकवायला न्यायचात, तेव्हा फळा डोक्यावर घेऊन सगळ्यात पुढे तोच चालायचा. तुमच्यासाठी त्यानं विहिरीत उडी टाकली असती, आणि मीही टाकली असती.

मग चैत्र आला. परीक्षा तोंडावर, आणि वरणात कैरीच्या फोडी. आमच्याकडे नवा आंबा आधी मेलेल्यांना देतात. गावाचा पुजारी, ज्याला आम्ही गायता म्हणतो, तो दिवस ठरवतो, त्या दिवशी मरका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण होतो, आणि आजे-पणजे जेवले की मग आपण आंब्याला तोंड लावायचं. त्याआधी नाही. लहान पोरसुद्धा झाडाखाली पडलेली कैरी नुसती हातात धरतं. यात मला तरी काही अवघड वाटत नव्हतं. मी भात, मीठ आणि तिखट घेऊन जेवायला लागलो. स्वयंपाकाच्या बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. "काऊन रे बाबू, वरण नाई घेत? खराब झालं का माह्या हाताचं?" मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, "येवढंच ना!" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून फोडी टाकायच्या आधी एक वाटी वरण माझ्यासाठी बाजूला काढायला लागल्या.

त्या वाटीनं सगळा घोळ झाला. वकिलांच्या भाच्यांनी ती पाहिली. ते पहिल्या दिवसापासून निमित्तच शोधत होते. "त्याले त्याच्या रिवाजाचं वेगळं भेटते, त आमाले आमच्या रिवाजाचं काऊन नाई?" असं म्हणून त्यांनी ताटं उचलली आणि ओसरीवर जाऊन बसले. त्यांचा रिवाज कोणता हे कुणी विचारलं नाही, सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ओसरीवर आणखी काहीजण गेले. तिसऱ्या दिवशी पंगतीत माझ्या खोलीतल्या सोबत्याच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी होती. तुम्ही विद्यापीठाच्या कामासाठी नागपूरला गेला होतात. तो भराभर जेवला आणि उठला. धुतलेलं ताट तो पुन्हा पुन्हा धूत होता, आणि मी शेजारी उभा राहून माझी वाटी धूत होतो.

तुम्ही परत आल्यावर मला स्वयंपाकघरात बोलावलंत. बाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी आमच्याकडचं सगळं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत, हे खरं. मग म्हणालात, "तुझी श्रद्धा मी समजू शकतो. पण त्या वाटीच्या आडून ते लोक पंगत मोडतायत, हे तुला दिसतंय ना? इथं शिकायला आलास ना? मग काही गोष्टी जंगलात ठेवून यायला शीक." आवाज चढला नव्हता तुमचा. तुम्ही ओरडला असतात तर मला सोपं गेलं असतं. जंगलात ठेवून ये म्हणजे कुठं ठेवू, सर? ज्या आजोबांनी मला खांद्यावर बसवून मोहाचं झाड दाखवलं, त्यांना कुठल्या झाडाला बांधून येऊ? हे मी तेव्हा बोललो नाही. मान खाली घालून हो म्हणालो.

रात्रभर सोबती माझ्याशी भांडत होता. "नोको खाऊ. माह्यासाठी त अजिबात नोको खाऊ. मी खानावळीत जेवतो ना!" खानावळीत त्याला कोण बसू देणार होतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही ओसरीवरच्या सगळ्यांना आत बोलावलंत. मी बसलोय. तुम्ही माझ्या एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला. बाई वरण वाढतायत, पळी माझ्या ताटावर आल्यावर थांबतेय, आणि तुम्ही म्हणताय, "वाढा." फोड पडते. अख्खी पंगत माझ्याकडे बघतेय, भाचे उभेच आहेत, आणि तो खालच्या आवाजात पुन्हा म्हणतोय, "नोको ना गड्या." मी फोड उचलली आणि चावली. आंबट होती, चांगली होती, सालीपाशी थोडी तुरट. मी साल टाकली नाही. तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "शाब्बास! आता बोला, कुणाला काय वेगळं हवंय?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवलात. भाचे बसले. त्यांच्यातल्या थोरल्यानं आठवड्याभरात बोर्डिंग सोडलं, पण बाकीची पंगत पुन्हा सांधली गेली.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आमचा पंडुम व्हायचा होता. गायत्यानं आंबे मांडले, नावं घेतली, सगळे पुढे झाले, आणि मी कुडाच्या कुंपणापाशी उभा राहिलो. आईनं तिथं येऊन कारण विचारलं. मी सांगितलं, पंगतीचंही सांगितलं, सोबत्याचंही. ती रागावेल म्हणून मी तयार होतो. ती रागावली नाही. गोंडीत तिनं एवढंच विचारलं, "तुमच्या मास्तरच्या घरचं कुणी मेलेलंच नाही का रे?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, सर. ज्याचं कुणी मेलंय तो माणूस दुसऱ्याला असं सांगणार नाही, असा तिचा सरळ हिशेब होता. हा प्रश्न मी जूनमध्ये तुमच्यापर्यंत आणणार होतो. पण तुम्ही मला बघितल्याबरोबर नव्या पोरांसमोर उभं केलंत, "हा बघा," म्हणालात, आणि प्रश्न तसाच राहिला. पुढच्या दर चैत्रात मी पहिल्या दिवशीच फोड खात गेलो. मी नोकरीला लागलो त्याच सुमाराला तुम्ही गेल्याचं कळलं.

पुढं मीच शिक्षक झालो, एका आश्रमशाळेचं स्वयंपाकघर सांभाळायला लागलो, तेव्हा एकदा भाजी निवडताना सहज सुचलं: सगळ्यांनीच थांबायला काय हरकत होती? वरणाला आंबटच हवं होतं तर बाईंकडे चिंच होती. पंडुम होईपर्यंत अख्ख्या बोर्डिंगानं कैरी खाल्ली नसती तर पंगतही एक राहिली असती आणि भाच्यांना बोलायलाही जागा उरली नसती. तुम्ही केवढे हुशार, तरी तुम्हाला हे सुचलं नाही. मला तर नाहीच सुचलं, आणि याचाच मला जास्त त्रास होतो. सगळ्यांची पंगत म्हणजे आम्ही तुमच्यासारखं जेवायचं, हे तुम्ही धरून चालला होतात आणि मीही. तुम्हीही एखाद्या गोष्टीसाठी आमच्याबरोबर थांबू शकता, हे कुणाच्या मनातच आलं नाही. सोबत्याला हे सांगितलं तर तो हसतो. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन नागपूरला असतो, फोनवर म्हणतो, "तुह्या त्या कैरीनं मले बी.ए. केलं बे, आता कायले उकरून राह्यला?" त्याचं बरोबर आहे. ती फोड मी खाल्ली नसती तर तो गावी परत गेला असता, आणि हे मला अजूनही पटतं. तरी आईचा प्रश्न पुसला जात नाही.

त्या मुलीला आता मी कळवणार आहे, की मेसवाल्यांना सांग, सगळ्यांनीच थांबा. ती सांगेल, मोठ्या आवाजाची आहे. तुमच्यासाठीचा हा कागद मात्र कुठं टाकणार, तो इथंच राहील. भांडायला बसलो होतो, भांडलोही. पण एक गोष्ट मी आईला सांगितली नाही, सोबत्याला नाही, भाषणात तर नाहीच. ती फोड तोंडात असताना तुम्ही पाठीवर हात ठेवलात ना, सर, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.