सव्वीस वर्षं पायाखालची वाट

५ मार्च
लंडनच्या मिस्टर व्हेननी वारलेल्या म्हाताऱ्या गफचं शेत घेऊन महिना झाला नाही, तोच वाटेच्या फाटकाला कुलूप. वर पाटी: खासगी. आमचं हॅडलकोट गाव पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने, शेतातून आणि रानातून, शेजारच्या पिंडल गावाला जात आलंय. आता म्हणे हमरस्त्याने जा, ट्रक चुकवत. माझी बायको विनी सव्वीस वर्षं कुत्री घेऊन आठवड्यातून तीनदा या वाटेने पिंडलच्या मैत्रिणीकडे, डोराकडे जाते. मधल्या काळात कुत्री बदलली, वाट नाही. डोराचे गुडघे गेलेत, ती घराबाहेर पडत नाही.

संध्याकाळी पबमध्ये सभा. वाट बचाव समितीचा अध्यक्ष म्हणून माझी एकमताने निवड. शेजारचा सिरिल म्हणाला, दुसऱ्या कोणी हातच वर केला नाही ना. काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

७ मार्च
काउंटीच्या कचेरीतून साक्षीचे अर्ज आले. गावकऱ्यांनी सलग वीस वर्षं वाट वापरली असं सिद्ध झालं की ती कायमची सर्वांची. मी लिहिलं: सव्वीस वर्षं, आठवड्यातून तीनदा, कुत्र्यांसह, नऊ मैलांचा पूर्ण फेरा.

अगदी काटेकोरपणे पाहिलं तर मी फाटकापर्यंत जातो. तिथून विनी पुढे जाते आणि मी पबमध्ये बसतो. पण मनाने मी तिच्याबरोबरच असतो. अर्जात 'मनाने की पायाने' असा रकाना नव्हता.

अर्जाबरोबर नियमांचं आठ पानी पत्रक आहे. विनी म्हणाली, तिसरं पान तेवढं नीट वाच, डेस्मंड. उद्या वाचतो.

१४ मार्च
कचेरीचं पत्र. मिस बार्टन नावाच्या तपासनीस बाई २४ एप्रिलला माझ्याबरोबर अख्खी वाट चालणार. अकरा साक्षीदारांमधून त्यांनी मलाच निवडलं, कारण माझा अर्ज 'सर्वात तपशीलवार' आहे. पत्र चारदा वाचलं. उत्साहाने.

संकल्प: उद्यापासून रोज तीन मैल.

१५ मार्च
पाऊस.

१६ मार्च
पाऊस नव्हता. पडेलसा वाटला.

२२ मार्च
सरावाचा श्रीगणेशा, हमरस्त्याने. मेजर (लॅब्रेडॉर, वय अकरा) टपालपेटीपाशी बसला तो उठेना. डॉटने (टेरियर, वयाच्या मानाने फार आगाऊ) मला कुंपणात ओढलं. एकूण अंतर: टपालपेटी आणि परत. मेजरच्या दमसासावर काम करायला हवं.

४ एप्रिल
नवे बूट आणले. घरातच घालून फिरलो. जिन्यावर तीन फेऱ्या. टाचेला फोड. डॉक्टर असते तर विश्रांती सांगितली असती, म्हणून विश्रांती.

२३ एप्रिल
तयारी पूर्ण. पत्रकाच्या दुसऱ्या पानापर्यंत आलो होतो, तेवढ्यात जेवायची हाक आली. विनी म्हणाली, उद्या जमेल तितकं कमी बोल. मी म्हटलं, अगं, साक्षीदाराचं कामच बोलणं असतं. तिने कोरडी बशी पुन्हा पुसायला घेतली.

२४ एप्रिल, सकाळी ९
मिस बार्टन: वय तिशीचं, गळ्यात नकाशा, चाल टपालवाल्याची. व्हेनच्या माणसाने तपासणीपुरतं कुलूप काढलं. हवा सुरेख. पांढरी फुललेली काटेरी कुंपणं, शेतात कोकरं, म्हणून कुत्री साखळीला. मी बेफिकीर शीळ घातली.

९.४०
शेताच्या टोकाला दोन वाटा. मी ठामपणे उजवीकडे वळलो. कुत्री ठामपणे डावीकडे. मिस बार्टननी नकाशा पाहिला आणि कुत्र्यांमागे गेल्या. मी खुलासा केला की चुकीची दिशा दिली तरी चुकू नये, असं शिक्षण मी त्यांना दिलंय. त्यांनी लिहून घेतलं.

११.००
रान. जमीन दिसेना इतकी निळी फुलं, वर रानलसणाचा वास. इतकं सुंदर काही माझ्या घरापासून दोन मैलांवर आहे याचा मला धक्का बसला. तोंडातून 'अरे वा' निघून गेलं. मिस बार्टननी विचारलं, पहिल्यांदा पाहताय का? मी म्हटलं, दर वर्षी नव्यानेच पाहतो. हे उत्तर मला स्वतःला फार आवडलं.

१२.३०
पिंडल. चर्चपाशी एक आजी ओरडल्या, आली का गं माझी डॉट, मेजरबाबा, आज विनी कुठाय? बेकरीवाल्याने न विचारताच मेजरला पावाचं टोक दिलं. तो तिथे आधीच तोंड उघडून बसला होता. गावात तेरा जणांनी कुत्र्यांना नावाने हाक मारली. मला एकाने विचारलं, आपण गॅसचा मीटर बघायला आलात का?

१२.५५
डोराच्या फाटकातून कुत्री सरळ स्वयंपाकघरात. डोरा खुर्चीतूनच म्हणाली, अगंबाई, तूच का तो विनीचा नवरा, आम्हाला वाटायचं तिने तो मनाने रचलाय. हसता हसता तिने डोळे पुसले. फाटक बंद झाल्यापासून विनी हमरस्त्याने दोनदाच येऊ शकली, म्हणाली. बाकी कोण येतंय माझ्याकडे.

३.१५
परतीची टेकडी. दोन्ही टाचा गेल्या. मिस बार्टन सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, म्हातारे गफ कधी कोणाला अडवायचे का? तेरा हाका कुत्र्यांना आणि मला गॅसचा मीटर, हे मनात सलत होतं. म्हटलं आता आपली छाप पाडावी. सांगितलं: छे हो, मी सभ्य माणूस. दर वसंतात फ्रूट केक घेऊन जायचो, टोपी काढायचो आणि विचारायचो, मिस्टर गफ, यंदाही तुमच्या शेतातून जाऊ का? ते म्हणायचे, जा की, डेस्मंड, तुझंच शेत आहे.

मिस बार्टन थांबल्या. म्हणजे तुम्ही परवानगी मागत होता? मी म्हटलं, सव्वीस वेळा. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, आईने तसंच वळण लावलंय. त्यांनी लिहिलं, मी झोकात सही केली. त्यांच्या डोळ्यांत जरा दया दिसली. टाचांबद्दल असावी.

२५ एप्रिल
नाश्त्याला विनीला सगळं सांगितलं. केकचा भाग येताच तिने चहाची किटली खाली ठेवली.

तिसऱ्या पानावर असं आहे: लोकांनी वीस वर्षं उघडपणे, कोणाला न विचारता, आपल्या हक्काची समजून वाट वापरली, तरच ती त्यांची होते. विचारून गेलात तर तो मालकाचा उपकार, आणि नवा मालक उपकार कधीही बंद करू शकतो. इतर दहा जण असेच विचारून जात असतील, असं व्हेनचा वकील आता म्हणेल.

विनी म्हणाली, तू गफशी जन्मात बोललास का रे? मी म्हटलं, एकदा. त्याच्या ट्रॅक्टरमागे गाडी लावली होती तेव्हा. पण बोलला तो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली की डोराला आता मी काय सांगू. फार वाईट वाटलं. इथे लिहून ठेवतो, कारण इथे कोणी वाचत नाही: मला स्वतःची लाज वाटली.

२६ एप्रिल
मार्ग शोधतोय.
मिस बार्टननी चुकीचं ऐकलं असेल? सही आहे.
गफ बहिरा होता, म्हणून परवानगी ग्राह्य नाही? मग 'जा की, डेस्मंड' कोण म्हणालं?
उन्हाचा तडाखा? एप्रिलमध्ये, इंग्लंडात, कोणी विश्वास ठेवणार नाही.
सिरिल कुंपणावरून म्हणाला, केक कसला होता, बेदाण्याचा का? म्हणजे गावभर झालंय.

२८ एप्रिल
खरं सांगायचं ठरवलं, पण आब राखून. पहिला मसुदा चार पानी. विनीने वाचून विचारलं, यात खरं कुठे आहे? दुसरा दोन पानी. तिसऱ्यात फक्त 'बहुधा' खोडायचे राहिले होते. शेवटी उरलं ते असं: मी ही वाट २४ एप्रिलपूर्वी कधीच चाललो नाही. गफना कधी काही विचारलं नाही. केक कधीच नव्हता. मी खोटं बोललो, कारण मला मोठं दिसायचं होतं.

कचेरीकडे आलेला प्रत्येक कागद गावच्या सभागृहात फळ्यावर लागतो, असं पत्रकाच्या पहिल्याच पानावर आहे. ते मी वाचलं होतं. तरी पत्र स्वतः टपालपेटीत टाकलं. मेजर बरोबर होता. या वेळी बसला नाही.

२ मे
फळ्यापाशी गर्दी. मी मागच्या दाराने भाजी आणायला गेलो. सिरिल दिसला. त्याने चक्क आदराने टोपीला हात लावला. हे फारच जिव्हारी लागलं.

१९ जून
निकाल. वाट सर्वांची. कायमची. कुलूप निघालं.

वर्तमानपत्रासाठी अध्यक्षाचं मनोगत लिहायला घेतलं होतं. मग निकालाचा चौदावा परिच्छेद वाचला. श्रीमती विनिफ्रेड परगेटर आणि इतर नऊ जणांची साक्ष मान्य. श्री. परगेटर यांचं पहिलं निवेदन अग्राह्य. दुसरं निवेदन, म्हणजे आपण या वाटेने कधीच गेलो नाही हे, पूर्णपणे विश्वासार्ह. कारण कुत्र्यांना वाट तोंडपाठ होती, श्री. परगेटर यांना नव्हती, आणि पिंडलमध्ये त्यांना कोणीही ओळखत नव्हतं.

मनोगत फाडलं. विनी बूट घालत होती. मी म्हटलं, मी पण येऊ का डोराकडे? ती म्हणाली, ये की. फक्त साखळ्या तू धर, म्हणजे लोकांना कळेल तू कोणाबरोबर आहेस.