तारेनं बांधलेलं फाटक

बुधवार, १८ जुलै २००१

आज सकाळी दहा चाळीसला शाळेचं फाटक माझ्या नातीच्या अंगावर पडलं. चिनूचा हात मोडला. बिजागरी तुटल्यापासून ते फाटक तारेनं बांधलेलं होतं, मी स्वतः पाहिलंय. हेडमास्तर म्हणतात, “मौसी, सरकारी स्कूल है, सरकार पर केस नहीं होता. और बच्ची झूल रही थी.” राज्य नवं, वेगळं होऊन वर्षही झालं नाही, आमचं शहर नवी राजधानी, आणि दोष आठ वर्षांच्या पोरीचा.

लहानपणी मी कॉन्व्हेंटात झोपाळ्यावरून पडले, गुडघा फुटला, तेव्हा सिस्टर मला स्वतः ब्राह्मणपाऱ्यात, आमच्या मोहल्ल्यात, घरी घेऊन आल्या. दारातच माझ्या वहीत इंग्रजीत लिहिलं, ‘दोरी जुनी होती, चूक शाळेची’. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. तेव्हा एकदम केवढी मोठी झाल्यासारखं वाटलं मला. गुडघ्याचं काहीच वाटेना.

संध्याकाळी चिनू म्हणाली, “आजी, मी झुलून नव्हती राहिली. तार आपोआप सुटली, सच्ची.”

माहीत आहे मला. उद्या शाळेत अर्ज देते: फाटक दुरुस्त न करता तारेनं कोणी बांधलं, ते सोमवारी दुपारी बारापर्यंत लेखी कळवा. उत्तर माझ्या नावानं नको, चिनूच्या नावानं पाठवा. तिला वाचता येतं.