लुविनाच्या नावाला हजर

३ मे

पोचले एकदाची. खेचराच्या गाडीने हाडं खिळखिळी केली, पण जागा झकास आहे. कोर्टाच्या मागे खोली, चूलही चांगली. काम काय, झाडलोट नि शेगडी पेटवणं. अख्ख्या काउंटीत तीनशे डोकी, त्यांच्या कोर्टात कचरा तो किती होणार! बॅगेट कारकुनाला सांगून ठेवलंय, माझ्या झेल्माचं पहिलं बाळंतपण आहे, एकोणीसला जावई न्यायला येईल, मी जाणार म्हणजे जाणार.

१० मे

आज काउंटीचा वाढदिवस. केवढं अवडंबर! शंभर वर्षांपूर्वी वेगळी काउंटी मागायला ज्यांनी सह्या केल्या, त्यांची नावं बॅगेट वाचतो नि वंशातलं कुणीतरी 'हजर' म्हणतं. इकडे माझ्या शेंगा चुलीवर करपतायत. शेवटचं नाव, लुविना क्रॅबट्री. कुणी बोलेना. सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसलेले. शेवटी मीच म्हटलं, "हजर. चला आता जेवायला."

कुणी हसलं नाही. बाप्यांनी टोप्या काढल्या.

११ मे

बॅगेटला धरलं. म्हणे तेव्हा एक सही कमी पडत होती, म्हणून आदल्या दिवशी पुरलेल्या लुविनाचं नाव घुसडलं. दरवर्षी तिचं नाव वाचायचं, जरा थांबायचं, वही मिटायची. उत्तर द्यायचं नाही. मी म्हटलं, हे आधी सांगायला तोंड नव्हतं?

तो म्हणाला, "कुणी आपली जागा देईल म्हणून थांबली होती ती. तुम्ही तुमची दिलीत, लुविनाबाई."

हेस्टर म्हण मेल्या, म्हटलं.

१५ मे

वैताग. दुकानदारीण लुविना म्हणते, पाद्री लुविना म्हणतो. पोस्टवाला म्हणतो झेल्माचं पत्र आलेलं, हेस्टरबाईंना दिलं, ओढ्यावर धुणं धूत होत्या. अरे, हेस्टर मी! मी कुठे ओढ्यावर गेले?

१७ मे

चूल पेटलीय, ऊब लागत नाही. दारात कागदी फुलं, मेणात बुडवलेली. थडग्यांवर वाहतात तसली.

माझी शाल सापडत नाही.

१९ मे

जावई आला. झेल्माला कळा लागल्यात. समोर जाऊन उभी राहिले, त्याला दिसतच — "चला सासूबाई" म्हणाला, पण मला नाही. मागे बाई होती. माझी शाल. माझं गाठोडं. तोंडसुद्धा माझंच —

गाडीमागे धावले. काउंटीच्या हद्दीच्या दगडापुढे पाय उचलत नाही. ढकलून पाहिलं, रांगून —

वळून हसली मेली.

झेल्मा, ती मी नाही. बाळ तिच्या हातात देऊ न —