बाथरूमचा चकचकीत दगड

बोगादी, मंगळवार, संध्याकाळ

आज सकाळी आई नव्या बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं.

"पॉलिश बेडा अम्मा, जारुत्ते," फरशी बसवणारे महादेवप्पा तेव्हाच कन्नडमध्ये बजावत होते. पॉलिश नको, आई घसरेल, खरखरीत दगड घ्या म्हणाले. मला चकचकीत काळा ग्रॅनाइटच हवा होता. कोणाला दाखवायची होती ती चकाकी?

डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडलात?"

"चक्कर आली," आई म्हणाली. साफ खोटं. मी दारातच होते, ओल्या दगडावरून तिचा पाय सरकताना पाहिला. मला वाचवायला बोलली ती.

आता चक्कर कशानं आली ते कळेपर्यंत ऑपरेशन थांबवलंय. परवापर्यंत तपासण्या. तोवर आई कळा सोसत पडून राहणार. डॉक्टर दोनदा समोरून गेले. मी तोंड उघडलं नाही.