कडी, कमान आणि तुझा भाऊ अध्यक्ष

ती. ताईस,

नमस्कार. हा नमस्कार जरा सावरून बसून घे, कारण यंदा तो नुसत्या शिंप्याचा नाही, सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाचा आहे! भावोजींचा गुडघा कसा आहे? धाकट्याला सहावं लागलं ना? (हे उगाच विचारत नाही.)

निवडणूक अगदी रीतसर झाली. पालकसभेत मोठ्या बाईंनी अध्यक्ष कोण होणार असं विचारलं आणि सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. नेमका तेव्हाच बाकाचा खिळा लागून मी उठलो. टाळ्या पडल्या. पँट मागून फाटलेली (शिंप्याची, कुठे बोलू नकोस), म्हणून सर्वांना तोंड दाखवत मागे मागे सरकलो तो थेट अध्यक्षांच्या खुर्चीत.

पहिल्याच सभेत पेच. मुलींच्या संडासाला कडी नाही. एक आत गेली की दुसरी दार धरून उभी. दूधवाला सभासद म्हणे, आधी फाटकावर कमान हवी, समितीची नावं रंगवलेली. मतं समसमान पडली, निर्णायक मत माझं. आता रंगवलेलं नाव कुणाला नको असतं? पण आपली लेक शाळेत दिवसभर पाणीच पीत नाही, बाटली भरलेलीच घरी येते, हे मला ठाऊक होतं. मी कडीला मत दिलं.

ठरावात ‘दाराला कडी बसवावी’ एवढंच होतं. सुताराने ती बाहेरून बसवली! म्हणजे दुरुस्तीसाठी पुन्हा सभा. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पाहणीला आत शिरलो, आणि मागून आलेल्या दूधवाल्याने दार उघडं दिसलं म्हणून कडी घातली. शेजारच्या वर्गात सभा, इकडे मी दार बडवतोय. (त्यांना वाटलं, सुतार कामाला लागला.) ‘कडी आतून बसवावी’ हा ठराव माझ्याविना पाच मिनिटांत एकमताने मंजूर. माझ्यासमोर इतकं झटपट कधी काही झालं नव्हतं.

परवा लेकीने रिकामी बाटली माझ्या मशीनवर आणून ठेवली. ताई, इतका अभिमान वाटला की गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या उजव्या शिवल्या.

तुझा,
भाऊ (अध्यक्ष)

ता. क. अध्यक्षाचं मूल शाळेत असावं लागतं आणि लेकीचं इथलं हे शेवटचं वर्ष. तेव्हा धाकट्याला माझ्याकडे पाठव. पालक म्हणून मी आहेच. शाळा खरंच चांगली आहे.

आणखी एक ता. क. जरा लवकर पाठव. कमानीसाठी रंग आणून ठेवलाय, वाळून जाईल.