वरच्या मजल्यावरचे मासे

२८ नोव्हेंबर २००४, रविवार
सुट्टीचा एक दिवस मिळतो आणि मुलगी दिवसभर खाली. सकाळी "बघून येते" म्हणून गेली ती गेलीच. वहिनींच्या टाकीत एंजल माशाने पानावर अंडी घातलीत म्हणे. मी तिच्या आवडीचं मटण करून ठेवलेलं. जिन्यातून हाका मारून घसा दुखला. वर आली चार वाजता, पोट भरून. "मोठीआईने थालीपीठ दिलं."

मोठीआई. थोरल्या जाऊबाईंना मुक्ता तसं म्हणते. तोंडावर मी वहिनी म्हणते, मनात काय म्हणते ते इथेही लिहीत नाही.

त्यांचा मुलगा अभिजित पुण्याला इंजिनिअरिंगला गेला तेव्हा टाकी मागे ठेवून गेला. आईचा वेळ जाईल म्हणून. गेला वेळ छान. स्वतःचा मोठा झाला, आता माझी हवी.

मी पतपेढीतून येईपर्यंत मुक्ताचं जेवण, गृहपाठ, वेणी सगळं त्याच बघतात. उपकार आहेत, माहीत आहे. म्हणूनच जास्त झोंबतं.

टाकी आणायची. त्यांची अडीच फुटी आहे. मी चार फुटी आणणार.

३० नोव्हेंबर
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "खाली आहे की एक." म्हटलं, खालीच आहे. पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, स्लॅबला वजन झेपेल अशी भिंत बघ, खिडकीकडची नको, आतली बघ. म्हणजे हो.

५ डिसेंबर, रविवार
पिंपळगावहून बाळू आला टेम्पो घेऊन. स्टँड करून आणला, लोखंडी अँगलचा. द्राक्षांच्या मांडवाला वेल्डिंग करणाराच गाठला, त्यामुळे स्टँडवर हत्ती उभा राहील. तिघांनी जिन्यातून चढवला, भिंतीला दोन ओरखडे.

बाळू म्हणे, "ताई, लय पाणी मावंल यात. घरात येवढं पाणी कोंडून काय करती? माझ्या बागेला दे."
म्हटलं, मासे पाळणार.
"मग खायला कधी बोलावती?"
मुक्ता हसून हसून लोळली. माझ्या भावाच्या विनोदावर, माझ्या घरात. बरं वाटलं.

वहिनी वर आल्या, बघून म्हणाल्या, "जागा चांगली निवडलीस नीता. ऊन येणार नाही, शेवाळ धरणार नाही." मला हे माहीत नव्हतं. हो म्हटलं, म्हणूनच निवडली.

८ डिसेंबर
टाकी आली. शालिमारजवळच्या दुकानातून, चार माणसं. खाली थर्मोकोलची जाड शीट. निम्मी भरून ठेवली गळते का बघायला. तिच्याकडे बघत चहा प्यायले. रिकामीसुद्धा किती मोठी दिसते.

मुक्ता खालून तीनदा वर येऊन गेली. आज मोजदाद माझ्या बाजूने.

१२ डिसेंबर, रविवार
वाळू बादल्या-बादल्यांनी धुतली, गच्चीवर, कंबर गेली. पूर्ण भरली. फिल्टर, हवेचा पंप, थंडी म्हणून हीटर. पाणी पांढरट, ताकासारखं. दुकानदार म्हणतो, दोन दिवसांत निवळेल, मग मासे घेऊन जा.

संध्याकाळी अभिजितचा पुण्याहून फोन. वहिनींनी सांगितलेलंच असणार. "काकू, एवढ्यात मासे टाकू नको. टाकी आधी पिकू दे." पिकू दे म्हणजे? माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते खाऊन संपवणारे बारीक जीव असतात, ते फिल्टरच्या स्पंजात वाढतात, पण वेळ लागतो. महिना, कधी जास्त. तोवर रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, ते कुजेल, त्यावर ते जीव वाढतील. पाणी तपासायच्या बाटल्या पाठवतोय, थेंब टाकून पाणी हिरवं झालं तर थांबायचं, पिवळं झालं की मासे.
शेवटी म्हणाला, "अडलं तर आईला विचार, तिला सगळं येतं."
तिला सगळं येतं.

१५ डिसेंबर
नसलेल्या माशांना जेवू घालते आहे. हे विचारतात, "पोटभर जेवले का?"
मुक्ता कालपर्यंत बघत होती. आज, "आई, यात काहीच नाही गं," म्हणून खाली.

१९ डिसेंबर
बाटल्या आल्या. हिरवं. चांगलं गडद.
टाकीला वास येतोय. ह्यांनी खुर्ची हलवली.

२१ डिसेंबर
आज काय झालं ते नीट लिहिते.
सहाला घरी आले तर वहिनी हातात स्टीलची वाटी घेऊन जिन्यात. वाटीत स्पंज. काळा, बुळबुळीत, त्यातून चहाच्या चोथ्यासारखं पाणी गळतंय. म्हणाल्या, "माझ्या फिल्टरमधला अर्धा कापून आणलाय. तुझ्या फिल्टरमध्ये घाल. तसाच घाल हं." आणि गेल्या, कुकर लावलेला होता.

तसाच. त्यांच्या टाकीची वर्षाची घाण, माझ्या नव्या काचेत. आणि वाटीसुद्धा रोजच्या वापरातली. मुलाने पुण्याहून नवा कोरा पाठवला तर तो स्वतः ठेवतील आणि जुना मला. साड्यांचंही असंच होतं लग्नाच्या पहिल्या वर्षी, मी विसरले नाही.

ह्यांना दाखवला. म्हणाले, त्या म्हणतायत तर घाल. ह्यांचं काय, भावाच्या घरचं सगळं सोनं.

फेकणार नाही. फेकला तर विचारतील. पण असा घालणारही नाही.

२२ डिसेंबर
रजा टाकली होती बँकेच्या कामासाठी, ते लवकर उरकलं. स्पंज गरम पाण्यात भिजवला, साबणाची पावडर टाकून चोळला. काय काळं निघालं. मग नळाखाली धरून पिळून पिळून, फेस जाईपर्यंत. गच्चीवर वाळवला. मूळचा निळा आहे हे आज कळलं.
घातला फिल्टरमध्ये. आता दिसतो माझ्या घरातला.

३१ डिसेंबर
अजून हिरवं. वहिनी म्हणाल्या, "अजून? माझा स्पंज घातलास ना?"
घातला म्हटलं. खोटं कुठे आहे.

२ जानेवारी २००५
संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी खाली, दोघींचं मिळून. म्हणजे बायका त्यांच्याकडे येतात आणि मी वाण वाटते. गेल्या वर्षी सगळ्या त्या टाकीसमोरच बसल्या होत्या, मला कुणी पाणी दे म्हणूनही हाक मारली नाही. यंदा वर करायचं म्हटलं. वाटलं होतं, काहीतरी बोलतील.
"कर की. तिळाच्या वड्या मी करून देते, तुला नोकरीतून कुठे वेळ."
भांडायलाही जागा ठेवत नाहीत.

रिकाम्या टाकीसमोर हळदीकुंकू करणार नाही.

९ जानेवारी, रविवार
घेऊन आले मासे. थेंब हिरवेच होते, पण फिकट होते. निदान मला फिकट वाटले. दुकानदारही म्हणाला, काही होत नाही बाई, आम्ही रोज टाकतो.

एंजल, गुरामी, काळ्या मोली. पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि मुक्ता टाकीसमोर पालथी पडली ती उठलीच नाही. जेवणही तिथेच, मी भरवलं. केवढ्या दिवसांनी भरवलं. सगळ्यांना नावं ठेवली. सगळ्यात मोठ्या निळ्या गुरामीचं नाव मोठीआई.
माझ्या टाकीत.
म्हटलं, आणि आई कुठला? तर म्हणाली, "तू तर त्यांना खायला घालणार. तू मासा कशी असशील?"
आज खाली गेली नाही. एकदाही नाही. जिन्यात वहिनींची चप्पल वाजली, परत गेली.
फार फार सुखाचा दिवस.

१३ जानेवारी
मुक्ता रोज शाळेतून आली की किल्ली मागून घेते आणि वर येऊन बसते, वहिनी सांगत होत्या. "हल्ली माझी आठवण नाही तिला," हसून म्हणाल्या. हसू पुरतं नव्हतं. मी पाहिलं आणि मला बरं वाटलं. लिहून ठेवते, बरं वाटलं.

एक मोली कोपऱ्यात बसून आहे. थंडी असेल.

१६ जानेवारी, रविवार
हळदीकुंकू झालं.

पाचपासून बायका. टाकीचा दिवा लावून ठेवला होता. सगळे मासे वर, पाण्याच्या तोंडाशी, तोंडं उघडत मिटत. पाटीलबाई म्हणाल्या, "अगंबाई, पाहुण्यांना भेटायला वर आले बघा." सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, कुंकू लावा त्यांनाही. मीही हसले. किती कौतुक केलं सगळ्यांनी, आणि मी वाण देत फिरत होते, पाय जमिनीला लागत नव्हते.

वहिनी एकट्या हसल्या नाहीत. एकदा टाकीजवळ जाऊन वाकून पाहिलं. मला वाटलं, जळल्या.

सगळ्या गेल्यावर थांबल्या. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "नीता, त्यांना श्वास घेता येत नाहीये." मग हळूच, "तो स्पंज धुतलास का तू?"
म्हटलं, स्वच्छ करून घातला.
स्टुलावर बसल्या. "अगं, विरजण धुऊन लावतेस का कधी?"
एवढंच. आवाज चढवला नाही, बायकांसमोर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला उलट उत्तर देता आलं असतं.

बादल्या. खालचं पाणी, वरचं पाणी. हे, मी, वहिनी जिन्यात खालीवर, पैठणी खोचून. मासे खालच्या टाकीत नेले. दोन मोल्या आणि एक एंजल गेले. मुक्ताने नाव ठेवलेले. निळी मोठीआई जगली. तीच जगणार होती.

मुक्ता रडली. मी हात पुढे केले होते, पण तोवर ती वहिनींच्या मांडीवर होती.

१७ जानेवारी
कामावर लक्ष नाही. दोनदा बेरीज चुकले.
त्यांनी अर्धा स्पंज कापून दिला तेव्हा निम्मे बारीक जीव गेले, त्यांचेही मासे धोक्यात आले असते, आज अभिजितने फोनवर सांगितलं. "आई तर मला म्हणाली, काकूचे मासे लवकर यायला हवेत, मुक्ता वाट बघतेय."
घाण दिली समजून मी गरम पाणी ओतलं.
आणि तरी राग त्यांचाच येतो. का ते मलाही सांगता येत नाही.

१८ जानेवारी
मी मागायला गेले नाही. मुक्ताच घेऊन आली. दह्याच्या छोट्या मातीच्या सटात, वर ताटली झाकून, दोन्ही हातांनी सांभाळत, उरलेल्या स्पंजातला तुकडा. काळा, बुळबुळीत. "मोठीआई म्हणाली, ओला आहे तोवर घाल."
घातला. हाताला वास राहिला जेवेपर्यंत.

२३ जानेवारी, रविवार
मुक्ता परत दिवसभर खाली. आता तर कारण आहे, आपले मासे तिथे आहेत.
चार फुटी रिकामी टाकी आणि मी. चिमूटभर खाणं टाकलं.

२७ जानेवारी
ऑफिसातून थेट खालीच गेले, मासे बघायचं निमित्त. मुक्ताने सतरंजीवर ओढून बसवलं आणि एकेक दाखवत बसली. कोण कुणाला हाकलतो, कोण पानाखाली झोपतो. माझा हात हातात धरून. वर असताना ती टाकीकडे बघायची, इथे माझ्याकडे बघून सांगत होती.
वहिनी स्वयंपाकघरातच होत्या. मुद्दाम की काय, कोण जाणे. चहा तेवढा आणून दिला.

३१ जानेवारी
आजही खाली. गेले तीन-चार दिवस जातेच आहे. पर्स खांद्यावर तशीच.
थेंब फिके हिरवे. या वेळी खरोखर फिके, ह्यांनाही दाखवले.

३ फेब्रुवारी
पिवळसर. मुक्ताला सांगितलं नाही.
ती म्हणत होती, "आपले मासे वर गेले की मोठीआईची टाकी रिकामी रिकामी वाटेल ना?" मी म्हटलं, त्यांचे आहेत की त्यांना. "हो, पण मग मी कुठे बसू?"


६ फेब्रुवारी, रविवार
पिवळं. लख्ख पिवळं. सकाळी बघितलं, दुपारी परत बघितलं.

वरच्या टाकीचं पाणी बादलीत घेतलं, जाळी घेतली आणि खाली निघाले. आज आणायचेच. चार फुटी टाकी कशासाठी घेतली आपण.

दार उघडंच होतं. दोघी सतरंजीवर, मुक्ता वहिनींना कसलंसं गणित विचारत होती, डोकं त्यांच्या खांद्याला. निळी मोठीआई काचेला तोंड लावून. मी दारात. मला मुलगी हवी आहे, आत्ता, उचलून वर न्यावी अशी. हे गेलेलं नाही, जाईल असंही वाटत नाही. पण मासे नेले आणि ती आली नाही तर. किंवा आली आणि परत टाकीकडेच बघत बसली तर.

वहिनींनी विचारलं, "झालं का पिवळं?"
म्हटलं, "अजून थोडं हिरवं आहे."

वहिनींनी माझ्या हातातल्या बादलीकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं. मग मुक्ताला म्हणाल्या, "सरक गं जरा, आईला बसू दे."

बसले. दाराबाहेर जिन्यात ठेवलेली बादली अजून तिथेच आहे. उद्या सकाळी परत थेंब टाकून बघते.