ओताकारच्या नावाचा सिनेमा

प्रिय बेता,

हे पत्र पोस्टानं आलं नाही, त्यावरून तू काय ते समजली असशील. प्रागहून निघालेली पत्रं आधी भलतेच लोक वाचतात. आईची मैत्रीण व्हिएन्नाला भावाकडे निघाली आहे, तिच्या कोटाच्या अस्तरात हे घालून देतोय. तुझा निरोप पोचला. तुझ्या ओताकारकाकाचा सिनेमा तू तिकडे पाहिलास आणि ‘माझ्या बाबांचं चोरणाऱ्याला मी पेपरात उघडा पाडणार’ म्हणून हटून बसली आहेस. म्हणून हे घाईनं लिहायला बसलोय.

कशावरून ओळखलंस तेही कळलं. खोटं बोलणारा माणूस वीतभर हवेत उचलला जातो आणि मग नगरपालिका गावाला शिशाचे बूट वाटते, हे कुणालाही सुचलं असतं. पण नवरा उडून जाऊ नये म्हणून पिठाचे उकडलेले डम्पलिंग कापायच्या दोऱ्यानं त्याला चुलीला बांधणारी म्हातारी? आपलीच आजी ती. आजोबा गुत्त्यावर जाऊ नयेत म्हणून ती तसंच करायची. इतकी वर्षं जपून लिहिलं आणि आजीपाशी माझा हात सैल सुटला.

पटकथेच्या सरकारी मंजुरीच्या बैठकीत एक साहेब ओताकारला म्हणाले, “म्हातारी फक्कड आहे हो, तुमच्याच घरातली का?” त्याची आजी त्याच्या जन्माआधीच गेलेली. तरी गडी तिचं कौतुक करत बसला. मग घाम पुसत माझ्याकडे आला आणि म्हणाला, “लेका, पुढच्या वेळी माझे नातेवाईक कोण ते मला आधी सांगत जा.”

हो, पुढची वेळ असते. माझ्या लिहिण्यावर बंदी आल्यापासून मी शहराबाहेर विहिरींच्या पाण्याची पातळी मोजतो आणि उरलेला दिवस लिहितो. रविवारी ओताकार अळंबी गोळा करायला येतो, टोपलीत अळंब्यांखाली माझी लिहिलेली पानं घालून नेतो. नाव त्याचं, शब्द माझे. त्यानं चोरलं नाही गं, मीच त्याच्या गळ्यात मारलं. असं नाव उसनं देणारे इथे आणखीही आहेत, आणि बिंग फुटलं की पहिली मान त्यांची जाते. त्याच्या मुलीला यंदा मेडिकलला जायचंय. माझ्यामुळे तुला कॉलेजातून काढलं, ते मी पाहिलंय. दुसऱ्या कुणाच्या पोरीच्या वाट्याला ते आलेलं बघायची ताकद माझ्यात नाही.

मला वाईट वाटत नाही, असं सांगून तुला फसवणार नाही. आईला घेऊन सिनेमाला गेलो होतो. लोक पोट धरून हसत होते. शेजारचा माणूस बायकोला म्हणाला, “या ओताकारला सुचतं तरी कसं?” तुझ्या आईनं माझा हात इतका दाबला की बोटं दुखायला लागली. अंधारात मला रडू आलं, आणि खरं सांगू, ओताकारचा हेवाही वाटला.

आता मुद्द्याचं. त्याच साहेबांनी परवा ओताकारला सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुमच्या त्या जुन्या मित्राची मुलगी तिकडे सिनेमांवर लिहिते ना? या सिनेमाबद्दल काय लिहिते बघू.” म्हणजे ते तुझ्या लेखाची वाट बघताहेत, आणि तू गप्प बसलीस तरी संशय बळावणारच. म्हणून तू लिही, बेता. सिनेमाला सडकून झोड. आणि जाता जाता लिही की माझे बाबाही पूर्वी सिनेमे लिहायचे, पण त्यांना एवढंही कधी जमलं नसतं. असं लिही की वाचणाऱ्याला पटलं पाहिजे. मलासुद्धा.

तुझाच,
बाबा